दारात तीन गाड्या

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ ऑगस्ट

प्रिय विजयदादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. माझी कंबर आता दुखत नाही. वहिनीची तब्येत कशी आहे? हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. म्हणून पत्र.

मी चालवत होते ती तुझी गाडी पोचली असेल. तुझा माणूस सयाजी चावी न्यायला आला तेव्हा पुढचा शॉकअप गेलाय ते त्याला दाखवलं. खड्ड्यात गेला. तो खर्च ॲपवाली कंपनी देत नाही, आपल्याच अंगावर पडतो, हे तुला मी काय सांगायचं! मी आता दुसऱ्याची गाडी भाड्यानं चालवते. उपाशी नाही.

महापालिकेच्या सभेत आमच्या संगीनं ऐनवेळी दगा दिला, असं तू माझ्याबद्दल सगळीकडं सांगतोयस. खोटं आहे ते. आदल्या दिवशीच मी म्हणाले होते, "दादा, मला उभी करू नको. मनात हाय तेच बोलीन." तू हसलास. "बाईमाणूस बोललं की वजन पडतंय. दोन वाक्यं बोलायची नि बसायचं."

म्हणून उभी राहिले. ॲपवरच्या टॅक्सीच्या प्रत्येक फेरीवर कर बसवून त्यातून शहर बस चालवायच्या आणि रस्ते नीट करायचे, यावर आपल्या ड्रायव्हर संघटनेचा विरोध मला सांगायचा होता. मी म्हणाले, कर लावा. पण कंपनीच्या वाट्यातनं घ्या, ड्रायव्हरच्या खिशातनं नको. आणि आधी बंद केलेल्या बस सुरू करा.

"खाली बस!" तू भर सभेत ओरडलास. सयाजी म्हणाला, "घरातनंच फुटलं की ओ!" मी माझं बोलणं पुरं केलं, मगच बसले.

असं का बोलले, ते तू एकदाही विचारलं नाहीस. लोकांनी विचारलं तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीतल्या पोरींचं सांगितलं. पावसात ॲपचं भाडं वाढलं की त्या थांब्यावर भिजत उभ्या राहतात, येईल न येईल त्या बसची वाट बघत. ते खरंच आहे. पण बोलताना माझ्या डोळ्यांसमोर त्या नव्हत्या.

उन्हाळ्यात मी गावी आले होते. तुझी प्रियदर्शनी गोठ्यात शेण काढत होती. मी विचारलं, "कॉलेज काय म्हणतंय गं?" तिच्या आधी तूच बोललास, "तिचं डोकं चालत न्हाय अभ्यासात. सोडलं तिनं." पोरीनं मान वर केली नाही. मला गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा बोलली. "आत्या, मी न्हाय सोडलं. बस बंद झाली. पप्पा म्हणले, माझी पोरगी रस्त्यावर हात करत उभी ऱ्हाणार न्हाय."

दारात तीन गाड्या, दादा! आणि तिला सोडायला एक नाही. का, तर कॉलेजच्या वेळेलाच भाडी जोरात असतात.

आता ऐक. वहिनीनं तुला सांगितलं तशी ती राधानगरीला मामाकडं गेलेली नाही. ती माझ्याकडं आहे. सभेतला माझा व्हिडिओ तिनं बघितला आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीतनं पिशवी घेऊन आली. पिशवी वहिनीनं भरून दिली. वहिनीवर ओरडू नकोस. जन्मात पहिल्यांदा ती तुझ्याशी खोटं बोलली, आणि का बोलावं लागलं याचा विचार कर.

प्रियदर्शनीचा प्रवेश परत झालाय. घरापासून चालत जाते. येताना भाजी आणते, माझ्या नवऱ्याशी राजकारणावर भांडते. तुझ्यावर चिडलेली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिला न्यायला येऊ नकोस. भेटायला ये, तांबडा रस्सा करीन. पण नेण्याची भाषा केलीस तर दारातनंच परत पाठवीन, मोठा भाऊ म्हणून गय करणार नाही.

कराचा निर्णय अजून व्हायचाय. पुढच्या सभेला मी येणार. या वेळी मला कुणी उभी करायची गरज नाही. प्रियदर्शनीनंही बोलायला नाव दिलंय. तू पहिल्या रांगेत असशीलच. तिला 'खाली बस' म्हणून बघ.

तुझी सख्खी बहीण, आणि सभेत तुझ्या विरोधातलीच,
संयोगिता