माणिकबाईंच्या नोटिशीची पोच

मी, विद्याधर गोविंद सबनीस, वय वर्षे सत्तावन्न, धंदा वकिली, म्हणजे सरकारवर होणाऱ्या दिवाणी दाव्यांत सरकारची बाजू मांडणे, राहणार मुलुंड, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, घसा नाही. घशातल्या गाठीमुळे डॉक्टरांनी तीन-चार महिने दिले आहेत आणि जानेवारीपासून तोंडून आवाज फुटत नाही. तीस वर्षे ज्याच्यावर पोट भरले तेच आधी गेले, हे न्यायाला धरूनच झाले.

१. मुलुंडचे दोन खोल्यांचे घर, मागच्या विहिरीसह, पत्नी सौ. सुहासिनी हिला मिळावे. त्यात दुसऱ्या कोणाचाही वाटा नाही. या घरात तिने माझी उलटतपासणी पुष्कळ सोसली. यापुढे तिला कोणी काही विचारू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. कायद्याची पुस्तके चिरंजीव जयवंत यास. त्याने यंदाच सनद घेतली आहे. मुदतीच्या कायद्याचे पुस्तक सर्वांत झिजलेले आहे. ते त्याने जरूर वाचावे, पण माझ्यासारखे वाचू नये.

३. मेहुणे मधुकर हे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत आले की खाजगी पक्षकार फिरकेनात म्हणून विद्याधरने सरकारचे काम धरले. ते खरे आहे. तरी त्यांना माझ्या घरातली मोडकी छत्रीसुद्धा देऊ नये.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यात एक दिवस जरी कमी भरला तरी दावा तिथेच आपटतो, मग जमीन कोणाची हे कोणी विचारत नाही. माझे सगळे नाव या एका मुद्द्यावर झाले. फाइल आली की मी आधी बोटांच्या पेरांवर दिवस मोजी आणि हकीकत मागाहून वाची. पुष्कळदा वाचावी लागतच नसे.

खारदांड्याच्या माणिकबाई, विधवा कोळीण. त्यांच्या घराण्याची मासळी वाळवायची जागा सरकारी पडीक आहे, असा हुकूम निघाला. त्यावर दावा लावण्यासाठी नोटीस त्यांनी स्वतः कचेरीत नेऊन दिली. कचेरीचा रिवाज असा की चार वाजल्यानंतर आलेला कागद आवक वहीत दुसऱ्या दिवशीच्या तारखेला चढतो. पण त्यांच्या हातातल्या नकलेवर कारकुनाने खरी तारीख घालून शिक्का मारून दिला होता. ती पोच. वहीप्रमाणे एक दिवस कमी, पोचेप्रमाणे दिवस पुरे.

सुनावणीच्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यासमोर आल्या. पोच पुढे करून म्हणाल्या, "तुमी सरकारचे वकील. यावर सरकारचा शिक्का हाय, तुमच्याकरंच ठेवा. माज्या घरान भरतीचं पाणी येतं, कागूद भिजंल." सरकारचा कागद सरकारच्या माणसाजवळ सुखरूप राहील, असे त्यांना वाटले. स्वतःच्या वकिलाला त्यांनी तो दाखवलाही नव्हता. मी "बरं" म्हणालो आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला.

अर्ध्या तासाने मी उभा राहिलो आणि नोटिशीत एक दिवस कमी आहे, असे इंग्रजीतून ठणकावून सांगितले. बाईंना शब्द कळत नव्हते. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मी त्यांच्याच कागदाबद्दल बोलतो आहे असे त्यांना वाटले असावे, आणि तसा मी बोलतच होतो. दावा बारा डिसेंबरला फेटाळला गेला. नवा लावायला हुकुमापासूनची वर्षाची मुदत उरली नव्हती. राहिले फक्त अपील, त्याला नव्वद दिवस. ते बारा मार्चला संपतात. आज सहा मार्च.

५. ~~सदर पोच माझ्या पश्चात माणिकबाईंना द्यावी.~~ हे कलम मीच खोडले आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडते. मला तीन-चार महिने आणि अपिलाला सहा दिवस. म्हणजे मरेपर्यंत गप्प बसण्याची सोय मी करीत होतो. शिवाय जी वस्तू माझी नाही ती मी कोणाला ठेवून जाणार? आयुष्यभर लोकांचे दिवस मोजले, आणि स्वतःचे मोजताना अशी लबाडी केली. माझी मला किळस येते.

दुपारी हे सगळे सुहासिनीला वाचायला दिले. तिने उभ्यानेच वाचले. म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही येताना पेढे आणले होते. मी खाल्ले ना ते." मग हात पुढे केला. "द्या इकडे तो कागद."

जयवंत आडवा आला. "अप्पा, नुसती पोच देऊन भागायचं नाही. इतके दिवस कुठे होती म्हणून कोर्ट विचारणार. तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. तुमची सनद जाईल, आणि सबनीस हे नाव ऐकून माझ्याकडे तरी कोण येईल?" त्याचे बरोबर आहे. तरीही मी पाटीवर लिहिले, "आईला घेऊन जा." तो गेला.

६. हे दिवेलागणीनंतर लिहितो. दोघे परत आली. पोच माणिकबाईंच्या हातात पडली. कागद बघून त्या सुहासिनीला म्हणाल्या, "बगा, साहेबांनी कसा जपून ठेवला. मी बोल्लेच व्हते." आणि साहेब आजारी आहेत कळल्यावर फडक्यात बांधून सुके बोंबील दिले. खरी हकीकत न सांगताच दोघे परतली. पुरचुंडी माझ्यासमोर टेबलावर आहे.

म्हणून उद्या सकाळी मी प्रतिज्ञापत्र करीन आणि तसाच खारदांड्याला जाईन. तिथे जयवंतने हे चौथे कलम माणिकबाईंना मोठ्याने, एक शब्द न गाळता वाचून दाखवावे, मी जिवंत असताना, माझ्या देखत. मध्ये मी हात जोडले तरी थांबू नये.

लिहून देणार: विद्याधर गोविंद सबनीस (सही)

वरील सही आमच्या समक्ष झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार: १. अनंत बाळकृष्ण गुप्ते, शेजारी (सही)
२. दशरथ लवू परब, शेजारी (सही)

मुलुंड, बुधवार, ता. ६ मार्च १९५७