खाली आणि खालती

१९ ऑगस्ट १९९६
विषय मिळाला. हिंदीतलं साधं वाक्य द्यायचं, संगणकाने त्याचं मराठी करून दाखवायचं. ऑनर्सचं शेवटचं वर्ष. पेपर थोडे, बाकी सगळं या एका कामावर. गाइड त्रिपाठी सर. (यापुढे त्रि. सर.)
ते म्हणाले, "मराठी मुझे आती नहीं. गलत करोगी तो पकड़ूँगा कैसे?"
म्हटलं, घरी मराठीच बोलतो आम्ही.
"तो घर ही तुम्हारी डिक्शनरी."
पुढच्या वर्षी शोधकामासाठी विभागात एकच विद्यार्थी ठेवणार. "एक लड़का रखेंगे." मग चष्मा काढून, "या लड़की."
हवं आहे मला ते. इथे लिहून ठेवते, बाहेर बोलणार नाही.

३ सप्टेंबर
देवनागरी अक्षरं उमटवणारं कार्ड एकाच मशीनमध्ये आहे. त्यावर मी आणि वर्गातला आलोक आळीपाळीने. त्याचा विषय: बनारसच्या गल्ल्यांतून सगळ्यात जवळचा रस्ता.
"आणि गल्लीत साँड बसला असेल तर?"
"उसका अलग चैप्टर है."

२१ सप्टेंबर
पद्धत ठरली. शब्दांचे तीन ढीग. बदलणारे (लड़का, मुलगा). फक्त शेपूट बदलणारे. आणि दोन्हीकडे सारखे. ते प्रोग्रामने जसेच्या तसे पुढे सोडायचे. घर, दूध, नदी, खाली, कारण, शिक्षा. सारखा कुठला हे ठरवायची कसोटी सोपी. आई तो शब्द बोलते का? बोलते, तर सारखा.
दिवसभर आईच्या मागे फिरले. ती म्हणाली, "काय टकामका बघतेस? काम कर काहीतरी." हेच काम आहे म्हटलं तर हसली.

१५ ऑक्टोबर
पहिलं वाक्य बाहेर आलं. "मुलगा घर जातो." घरी नाही, घर. तरी पडद्याकडे बघत बसले.
'घरी' जमवेपर्यंत बत्ती गेली. फ्लॉपीवर घेतलं नव्हतं. पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिलेलं जास्त बरं झालं.

८ नोव्हेंबर
फराळ. लॅब बंद. अण्णा पाठशाळेतून आले ते बँकेच्या परीक्षेची जाहिरात घेऊन. "देऊन ठेव. तुझं ते मशीन काही पळून जात नाही."
मशीन नाही पळणार. जागा जाईल.

१० डिसेंबर
अर्ध्या वर्षाचं सादरीकरण. विभागप्रमुखांनी स्वतः वाक्य दिलं, "गंगा में बहुत पानी है." आलं. "गंगेत खूप पाणी आहे." गंगेत. तो ए आपणहून आला, म्हणजे माझ्या नियमातून आला. विभागप्रमुखांना त्यातलं काही कळलं नाही, पण मान हलवली.
त्रि. सरांनी चहा पाजला. कोणाला पाजत नाहीत.

१२ जानेवारी १९९७
शेजारच्या घरात कुलकर्णी काकू आल्यात, साताऱ्याच्या. काकांची रेल्वेत बदली. आज तिळगुळाला मदत करायला आल्या.
आई: "तिळाचा डबा खाली आहे. दुकानातून आणवते."
काकू वाकून ओट्याखाली बघायला लागल्या. "कुठे हो वहिनी? इथे तर नुसते बटाटे."
मग दोघींना एकदम कळलं. काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अहो, रिकामा म्हणा की. मी आपली खाली शोधतेय."
आईही हसली. मी पण.
अंथरुणावर पडल्यावर हसू गेलं. खाली माझ्या तिसऱ्या ढिगात आहे.

१८ जानेवारी
काकूंना प्रिंट काढून दिले, पेन्सिल दिली. अंगणात उन्हात बसून वाचलं. "गुरुजींनी मुलांना चांगली शिक्षा दिली" यावर थांबल्या.
"चांगली म्हणजे? वळ उठेपर्यंत?"
म्हटलं, शिकवलं, असं म्हणायचंय.
"मग शिक्षण म्हण. शिक्षा म्हणजे मार गं."
शेवटी कागद मांडीवर ठेवले. "राग मानू नकोस हं. पण ही मराठी नाही. ही हिंदीच आहे, कुंकू लावून बसलेली."
पानापानावर पेन्सिल. चूक प्रोग्रामची नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं.

२० जानेवारी
त्रि. सरांना सांगितलं. बराच वेळ प्रिंट उलटे-सुलटे करत राहिले. मराठी कळत नव्हती तरी.
"एप्रिल में बाहर से परीक्षक आएँगे. महाराष्ट्र से. मैंने ही बुलाया है, तुम्हारे लिए."
म्हणजे तेही काकूंसारखेच हसणार.
"जितना ठीक हो सके, करो."
शोधकामाच्या जागेचं आज ते काही बोलले नाहीत.

२ फेब्रुवारी
तिसरा ढीग उपसते आहे. काकू आणि कोश, दोघांना विचारून एकेक शब्द. बाहेर येणारी वाक्यं आता काकूंना चालतात. "शाबास. आता कशी माणसांसारखी बोलतेय." प्रोग्राम सुधारतो आहे. मग बरं का वाटत नाही?

५ फेब्रुवारी
सकाळी मटारची टोपली घेऊन स्वयंपाकघरात उभी. आई: "खालती ठेव ती."
सहज विचारलं, "खाली ठेवू?"
"खाली कशी ठेवशील? भरलेली आहे ना."
टोपली हातातच राहिली.
तिला विचारलं, पुन्हा सांग. तिला वाटलं चेष्टा करते आहे. "खालती गं, जमिनीवर. डोकं कुठे आहे तुझं?"

६ फेब्रुवारी
काल दिवसभर ऐकलं. रिकामं ते खाली. जमिनीकडचं ते खालती. एकदाही घोळ नाही. मीसुद्धा अशीच बोलते, आज कळलं.
शिक्षा पण तसंच. शिकवणं ती शिक्षा. मार बसतो ती सजा. अण्णा पाठशाळेतल्या पोरांना सजा देतात, शिक्षा देत नाहीत. म्हणजे देतातच. दोन्ही देतात.
हिंदीचा अर्थ आत आला, मराठी शब्दाच्या जागेवर बसला. मग मराठी अर्थाने दुसरी जागा बघितली. शब्द सरकले, पण एकमेकांच्या अंगावर पडले नाहीत.
याला नियम असेल तर तो लिहिता येईल. लिहिता आला तर प्रोग्रामला सांगता येईल.

१० फेब्रुवारी
त्रि. सरांच्या तोंडात पान. बोलता येईना म्हणून खाली-खालतीचं सगळं ऐकून घेतलं. खिडकीशी जाऊन आले. मग:
"शीर्षक अब नहीं बदलेगा. आखिरी चैप्टर बदल सकती हो. परीक्षक को समझाना तुमको पड़ेगा, मुझको नहीं."
म्हटलं, समजावीन.
"और एक घर से क्या होता है? तुम्हारी माताजी की आदत भी हो सकती है. और घर लाओ."
जिन्यात आलोक भेटला. सांगितलं. "मतलब अब तुम गली-गली घूमोगी? मेरा प्रोग्राम ले जाओ."

१४ फेब्रुवारी
आई आज म्हणाली, "साखरेचा डबा रिकामा झाला." आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे ना अशा नजरेने.
आठवडाभर चाललं आहे हे. रिकामा म्हणते. शिक्षण म्हणते. मध्येच अडखळते, शब्द शोधते, थांबते. स्वयंपाकघरात पूर्वीएवढं बोलणंच होत नाही.
म्हटलं, आधीसारखं बोल ना.
"नको. तुझ्या मशीनला चुकीचं कळायला नको. काकू म्हणतात ते बरोबर. आपण कुठे तिकडे राहिलो."
आईचा जन्म इथलाच, मंगला गौरीच्या देवळाजवळचा. मराठी तिला तिच्या आईने दिली, त्या आईला तिच्या. तिकडे कोणीच राहिलं नव्हतं.
तिला नीट सांगता आलं नाही मला. नियमाचं सांगायला गेले तर तिला वाटलं समजूत काढते आहे.

२० फेब्रुवारी
आलोकच्या ताईचा टेपरेकॉर्डर मिळाला. (ती गाणं शिकते.) संकठा घाटावर सुमनमावशीकडे गेले, आईची लहानपणची मैत्रीण. आईला बळेच बरोबर नेलं.
मावशी रेकॉर्डर बघून पदर सारखा करून बसली. "नमस्कार. आम्ही काशीत वास्तव्य करणारे महाराष्ट्रीय लोक..." रेडिओवरच्या बाईसारखी. पुढेही तसंच. वास्तव्य, आनंद, संस्कृती.
मी बंद करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "सुमे, पुरणपोळीत जायफळ घालतेस अजून?"
"मग? तू नाही घालत?"
"तुझं पुरण दगडासारखं व्हायचं."
"तुझं वाहायचं. ताटातून खालती यायचं." दोघी पेटल्या. पूर्ण कॅसेट भरली. आईने एकदाही शब्द शोधला नाही.
घाटावरून परत येताना आई: "हे सगळं तू ऐकवणार त्या साताऱ्याच्या... म्हणजे, परीक्षकाला?"
"हो."
"जायफळाचं काढून टाक."

११ मार्च
आणखी तीन घरं झाली. खाली-खालती सगळीकडे. सजा दोन घरांत. एका घरी शिक्षाच, दोन्ही अर्थांनी. तेही लिहिलं. लपवायचं नाही.
प्रोग्राम आता आधी विचारतो, मराठी कोणती, तिकडची की इथली. उत्तर दिलं की दोन्ही नीट बोलतो.

२ एप्रिल
प्रबंध दिला. शेवटचा चैप्टर बाकी सगळ्यांपेक्षा लांब झाला. त्रि. सर वजन करून बघितल्यासारखं हातात धरून म्हणाले, "चलो."
अण्णांनी बँकेच्या परीक्षेचं विचारलं. दिली म्हटलं. दिली आहे खरी, बरी गेली.

२३ एप्रिल
तोंडी परीक्षा. परीक्षक शांत गृहस्थ, हळू बोलणारे. आधीचे चैप्टर भराभर उलटले. शेवटच्यावर हिंदी सोडून मराठीत आले.
"हे मराठीबद्दल आहे की मराठीतल्या चुकांबद्दल?"
म्हटलं, "चूक असती तर घराघरात वेगळी झाली असती."
"एका घरात वेगळी झाली आहे. तुम्हीच लिहिलंय."
"हो."
"चारपाच घरांवरून नियम म्हणता येईल?"
"नाही. म्हणून आणखी वेळ हवा आहे."
त्रि. सर पंख्याकडे बघत होते. मराठी येत नाही, पण कुठला प्रश्न आहे ते कळलं असणार.
परीक्षकांनी मशीनवर दोनचार वाक्यं घालून बघितली. मग कॅसेट ऐकायला मागितली. पूर्ण बाजू ऐकली. हसले नाहीत. मध्ये एकदा मागे फिरवून पुन्हा ऐकलं, आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटले.
निघताना माझी प्रत बॅगेत टाकली. "ही मी नेतो." गुणांचं काही बोलले नाहीत.
त्रि. सर: "ले गए हैं. छोड़ भी सकते थे."

१२ मे
निकाल नाही. जागेचंही ठरलेलं नाही. आलोकही थांबला आहे, एकच जागा. भेटला की दोघं तेवढं सोडून बाकी सगळं बोलतो. बँकेचं बोलावणं आलं तर जूनमध्ये येईल, अण्णा म्हणतात.
सकाळी आईने मंगला गौरीच्या आणखी दोन घरांत सांगून ठेवलं, मला न विचारता. "जा तू. त्या बोलक्या आहेत. मी आले तर मीच बोलत बसेन."
ऊन फार. पहिल्या घरी आजी एकट्या. पन्हं दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, मग रेकॉर्डरकडे बोट.
"कोणाला पाठवणार हे?"
"अजून माहीत नाही."
"मग कशाला भरतेस?"
म्हटलं, तुम्ही बोला तर.
बोलत गेल्या. लग्न, पूर, जावा, एक हरवलेली नथ. मधेच रेकॉर्डरचं बटण उडालं. एक बाजू संपली होती. त्यांना कळलं नाही, त्या बोलतच होत्या. कॅसेट उलटून घातली.