चाखून बघायची प्रत

१२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. भाचीचा खोकला गेला का? तिचं चित्र बाबांच्या पलंगासमोर लावलंय. इकडे बाबांचं बीपी ठीक, माझी झोप सोडून बाकी सगळं ठीक.

प्रिंटर बिघडलेला नाही, ताई. तू दर फोनला ‘बाबांची पानं पाठव’ म्हणतेस आणि मी प्रिंटरवर ढकलतो. फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही मित्र मिळून बनवतो ते लिहायचं सॉफ्टवेअर तुला माहीत आहे. फुकट, कोणीही आतला कोड उघडून बघावा असं. तू त्याला ‘फुकटची हमाली’ म्हणतेस, तेच. विंडोजवाले ते घ्यायला गेले की पासवर्ड मागतं, धोक्याची पाटी येते आणि माणूस पळतो. म्हणून मी चाखून बघायची प्रत बनवली. दोनदा क्लिक केलं की उघडते, काही बसवायला नको. बंद केली की आत लिहिलेलं सगळं पुसून टाकते, मागमूससुद्धा ठेवत नाही. त्या पुसण्यावर तर मी भलताच खूश होतो. नुसतं बघायला आलेला माणूस त्यात खरं काही कशाला लिहील, असं धरून चाललो.

पहिली प्रत बाबांना दिली. त्यांना जमलं तर जगाला जमेल, असं मित्रांना हसत हसत सांगितलं होतं. वाचा गेल्यापासून बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करूनच बोलतात. ‘पाणी’, ‘पंखा’, ‘गप्प बस’. या प्रतीतली मोठी अक्षरं त्यांना आवडली. आईबद्दल लिहा, असं तू म्हणाली होतीस ना? ते लिहायला लागले. मी डोकावलो की पडद्यावर हात ठेवायचे. मी शिकवलं तसं सेव्हही करायचे बिचारे. पण फाइल जात होती त्या पुसल्या जाणाऱ्या फोल्डरमध्येच. ते ती प्रत कधी बंदच करत नसत, म्हणून टिकून होती.

नवी सुधारणा टाकायला मीच ती बंद केली. नर्सबाई त्यांना आंघोळीला घेऊन गेल्या होत्या, आणि विचारायला थांबण्याइतका धीर मला नव्हता.

पुसलेलं परत मिळतं का म्हणून मित्रांनी डिस्क खरवडून पाहिली. काही हाती लागलं नाही. बाबांनी कोऱ्या पानावर टाइप केलं, ‘माझंच चुकलं असेल.’ आणि ताई, मी म्हणालो, ‘होतं असं कधी कधी, बाबा.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी म्हणालो! तेव्हापासून त्यांनी कीबोर्डला हात लावलेला नाही. पाणीसुद्धा मागत नाहीत. काय झालं, असं डॉक्टर विचारतात आणि मी खांदे उडवतो.

प्रत दुरुस्त केली. आता ती बंद होण्याआधी विचारते, लिहिलेलं नीट जपून ठेवते. लोक धन्यवाद पाठवताहेत. मला ते वाचवत नाहीत.

हे पत्र आधी बाबांना वाचून दाखवतो, मगच टाकतो.

वाचून दाखवलं. ‘मीच ती बंद केली’ इथे त्यांनी डोळे मिटले, पण शेवटपर्यंत ऐकलं. मी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, शिव्या द्या बाबा, काहीही लिहा. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, ‘आता तेवढं आठवत नाही.’

माझ्यावर हवं तितकं रागाव, ताई, पण ये. आईचं तुला आठवतं ते त्यांच्याजवळ बसून बोल. मी फक्त लिहून घेईन.

त्यांचा आणि तुझा अपराधी,
धाकटा