पुसू का?

४ फेब्रुवारी १९९४, सातारा. पहाटे ५ (संकल्प). प्रत्यक्षात ८.४०.
पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा शिकणाऱ्या साध्या माणसाला एखादे पॅकेज बसवायचे तर सात फ्लॉप्या, वीस इंग्रजी प्रश्न, आणि शेवटी माझ्या क्लासच्या दारात रडगाणे. माझा इन्स्टॉलर सगळे एका कमांडमध्ये बसवणार. मराठीतून. नाव ठरले: सुलभ. श्रद्धा हसली. म्हणे, हा बोर्ड स्टँडवरच्या शौचालयावर आहे. बायकोकडे दुर्लक्ष केले.

११ फेब्रुवारी
पहिले गिऱ्हाईक! यल्लाप्पा. माझा जुना विद्यार्थी, जतकडचा, आता सांगलीत मूकबधिर मुलांच्या शाळेत मास्तर. दोन वर्षे खपून प्रोग्राम लिहिलाय. मूल शब्द टाइप करते, पडद्यावर ओठ तसे हलतात. चित्रे स्वतः काढलीत, ठिपका ठिपका जोडून. पण ओठ फार सावकाश हलतात. माझे ग्राफिक्सचे पॅकेज बसवले की पळतील. १५ मार्चला देणगीदार येणार. पसंत पडले नाही तर शाळेचा एकुलता कॉम्प्युटर परत नेणार. सर, आता तुमीच बगा, म्हणाला. प्रोग्रामची एक कॉपी फ्लॉपीवर माझ्याकडे ठेवायला देऊन गेला. जबाबदार माणूस लोक बरोबर ओळखतात.

२० फेब्रुवारी
जुन्या फाइल्समुळे घोळ होतो. म्हणून पास्कलची डिरेक्टरी आधी साफ करायची. अर्थात विचारून. 'आधीच्या सर्व फाइल्स पुसून टाकू का?' फार लांब. कापून दोन शब्द केले: 'पुसू का?' माझ्यासारख्या वाईच्या माणसाला मराठी शिकवायला नको.

२ मार्च
श्रद्धा म्हणते, एकदा यल्लाप्पाला समोर बसवून चालवून घ्या. कशाला? माणूस मराठी, प्रश्न मराठी. तरी उद्या सांगलीला जायचे ठरवले.

३ मार्च
एसटीत डोके दुखते. गेलो नाही.

९ मार्च
कोऱ्या फ्लॉप्या संपल्या, दुकान बंद. कपाटात यल्लाप्पाची सापडली. प्रोग्राम त्याच्या मशीनवर आहेच. तिच्यावरच सुलभ भरले, वर माझे छापील लेबल चिकटवले, कुरियरने पाठवली. काटकसर.

१२ मार्च
यल्लाप्पाचा फोन. मशीन म्हनलं, पुसू का? मला वाटलं, कुणाला तरी इचारायचं आसंल. म्हनलं, पूस की बाबा. हो दाबलं. समदं गेलं, सर, माझा प्रोग्रामबी.
त्यांच्याकडे पुसणे म्हणजे विचारणे! ही वापरणाऱ्याची चूक, इन्स्टॉलरची नाही. घाबरला मात्र नव्हता. म्हणाला, तुमच्यापाशी कॉपी हाय न्हवं, सकाळच्या गाडीनं येतो.
मी ये म्हणालो.

१३ मार्च
आला. सुलभची फ्लॉपी परत द्यायला टेबलावर ठेवली. माझे लेबल एका कोपऱ्यात सुटले होते. खाली त्याचे अक्षर. त्याने ते नखाने पूर्ण सोलले आणि वाचले. मी शब्दाबद्दल समजावू लागलो, ते मलाच ऐकवेना. श्रद्धाने चहा आणला. त्याने घेतला नाही.
चपला घालताना म्हणाला, मला एकदा पुसायचं तरी हुतं, सर.