दिवा आदल्या संध्याकाळी

मारुंजी

तीर्थरूप अण्णांना नमस्कार,

मी बरी आहे, हे आधीच सांगते. कानयंत्र तुम्ही डबीतच ठेवता आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. जेवणाचा डबा वेळेवर येतो. झोप जरा कमी पडते.

सध्या ज्यू लोकांचे सण आणि हिब्रू तारखा मोबाईलच्या कॅलेंडरात बसवायचं काम आहे. त्यांचे महिने चंद्रावर चालतात, अधिक महिनाही असतो. मी तुमच्या पंचांगावर वाढलेली, मला वाटलं हे तर घरचंच. सूर्योदयाची तिथी ती त्या दिवसाची, असं धरून मोबाईलवर आठवण देणाऱ्या सगळ्या सूचना सकाळी लावल्या.

पण त्यांचा दिवस आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळला की सुरू होतो. हे कॅलेंडर वापरणाऱ्या एका ज्यू आजींनी कळवलं, नवऱ्याच्या तिथीचा दिवा संध्याकाळीच लावायचा होता, सूचना आली तेव्हा उजाडलं होतं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता एकेक तारीख पुन्हा तपासतेय. साहेब बोलत काही नाहीत, नुसतं विचारतात, झालं का. त्यामुळे या शनिवारीही येणं जमेलसं दिसत नाही.

तुमच्या डोळ्यांत औषध कोण घालतं? शेजारच्या दीपमालावहिनी येतात ना?

आईची तिथी कधी येते, ते बघून कळवा. दरवर्षी मी सकाळच्या गाडीने येते आणि तोवर तुम्ही एकट्यानेच सगळं उरकलेलं असतं. यंदा आदल्या संध्याकाळी येते. दिवा लावायला थांबा.

तुमची,
अबोली