रंभाबाईचे नाव

प्रति,
नोंदणी अधिकारी,
हिरे खाण मजूर विभाग,
खनिकर्म कार्यालय, तांबडघाट.

अर्जदार: कु. अरुणा दत्तप्रसाद वैरागडे, शिक्षिका, गुदैबिया, मनामा, बहारीन.

विषय: मजूर श्रीमती रंभा गणपत यांचे नाव चोरीच्या यादीतून कमी करण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ: आपली पत्रे, दि. २ मार्च व ११ मे १९८४.

महोदय,

१. दि. १३ जानेवारी १९८४, शुक्रवार, हा सुट्टीचा दिवस होता. माझे वडील दत्तप्रसाद वैरागडे खिडकीशी बसून मसूर निवडत होते. तांबडघाटची आमची हिऱ्याची खाण १९७७ साली बंद झाल्यापासून ते माझ्याकडे राहत. मसूरही ते खाणीवरच्या वाळूसारखे निवडत. तळव्याने एकेक ओळ सरकवायची आणि खडा दिसला की उजेडात धरायचा. खालचे दुकानदार सिराजभाई तेल घेऊन आले, तेव्हा वडिलांनी त्यांच्याकडे तक्रार केली की मसुरात हल्ली खडेच नसतात. सिराजभाई म्हणाले, "चाचा, पत्थर अलग से मँगवा दूँ? इंशाल्ला, कल तक." ते गेल्यावर वडील म्हणाले, "अरुणा, रंभानं तो हिरा घेतला नसावा. तुला काय वाटतं?" मी म्हटले, "पोळ्या गार होताहेत." दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

२. प्रकरण १९६८ सालचे आहे. आमच्या खाणीवर धुतलेली वाळू वाळवून बायका सुपाने पाखडत. हिरा दिसला की बाईने ओरडायचे आणि मालक येईपर्यंत सूप न हलवता बसून राहायचे, अशी पद्धत होती. दि. ९ नोव्हेंबरला रंभाबाई ओरडली. वडील पोहोचले तेव्हा सुपात हिरा नव्हता.

३. बायकांची झडती बाईनेच घ्यावी असा नियम होता. माझी आई हयात नव्हती, म्हणून सुट्टीत हे काम माझ्याकडे असे. मी रंभाबाईचे केस, लुगडे आणि तोंड तीनदा तपासले. तिसऱ्या वेळी ती हसून म्हणाली, "ताई, पोटात पाहाचं असन तं तसं सांगा, मी उताणी होतो." या हसण्यावरून माझा संशय पक्का झाला आणि झडतीच्या कागदावर मी तसे लिहिले. चोरी करणारे माणूस आधी ओरडून मालकाला बोलावत नाही, हे मला सुचले नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि बरीच पुस्तके वाचलेली होती. वडिलांनी माझ्या कागदाच्या आधारे आपल्याकडे तक्रार केली आणि तिचे नाव चोरीच्या यादीत गेले.

४. ती यादी आजही प्रत्येक नव्या खाणीला दिली जाते. यंदा रंभाबाईच्या सुनेलाही त्यावरून परत पाठवण्यात आले. आपल्या पहिल्या पत्रानुसार तक्रार मालकाने स्वतः येऊन मागे घ्यावी. मालकाच्या मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. वारस म्हणून मला मान्यता हवी असल्यास खाण चालू असावी, असेही आपण कळवले. खाणीच्या जागी सध्या पाझर तलाव आहे. दुसऱ्या पत्रानुसार, रंभाबाईने चोरीस गेलेला हिरा कार्यालयात जमा केल्यास तिचे नाव विनाविलंब कमी करण्यात येईल. आपली तत्परता मी समजू शकते. तथापि ही सूचना रंभाबाईला कळवणे मला योग्य वाटले नाही.

५. तो हिरा तिला जमा करता येणार नाही, याचे कारण पुढीलप्रमाणे. सुपाच्या फटी बुजवायला त्यावर शेणाचा लेप देत. त्या सकाळी सुपे कमी पडली म्हणून लेप ओला असलेले सूप मीच तिच्या हाती दिले होते. ओरडताना सूप हिंदकळले असावे; हिरा त्या लेपात रुतला आणि लेप वाळला. अठरा दिवसांनी सूप पुन्हा सारवायला घेतले तेव्हा पोपडा निघाला आणि हिरा माझ्या हातात आला. वडिलांना सांगायचे तर कागदावरची सही माझी होती. मी तो मुठीत धरून मजुरांच्या रांगेशेजारून घरी आले. मालकाची किंवा त्याच्या मुलीची झडती घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पाखडणाऱ्या गोदाबाईच्या वाळूत टाकला. ती ओरडली. वडिलांनी रिवाजाप्रमाणे तिला बक्षीस म्हणून लुगडे दिले. दि. २८ नोव्हेंबर १९६८ ची ती नोंद आपल्या दप्तरी असेल. तो हिरा आणि रंभाबाईचा हिरा एकच आहे.

सबब, रंभाबाईचे नाव यादीतून काढावे व तसे तिला लेखी कळवावे. यादीतील तो रकाना रिकामा ठेवता येत नसल्यास तेथे माझे नाव घालण्यास हरकत नाही.

६. निवेदन सादर करण्यापूर्वी ते मोठ्याने वाचावे, अशी आपल्या नमुन्यात अट आहे. त्याप्रमाणे आज दुपारी मी घरात उभी राहून वाचले. घरात दुसरे कोणी नव्हते. 'महोदय' म्हणता आले नाही. वाचले ते असे: बाबा, रंभानं नाही घेतला. तो मला सापडला होता. तुम्ही विचारलंत, तेव्हाही मला ठाऊक होतं.

वरील मजकुराची जबाबदारी सर्वस्वी माझी,
अरुणा दत्तप्रसाद वैरागडे
मनामा, दि. १ जून १९८४