जिगखालचं पोस्टकार्ड

बाबा, आज खंडेनवमी. हरणी भागातल्या या फ्लॅटमध्ये पुजायला हत्यारं कुठली असणार? सुरी, कात्री आणि भोकाची खूण ठोकायचा तुमचा सेंटर पंच पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि तिथेच बसून राहिले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली कसली, मीच ठेवली.

आपली मकरपुऱ्याची शेड. एक लेथ, एक म्हातारं ड्रिल मशीन, तुम्ही आणि तुमचे गुजराती फिटरकाका. मशीनचं टेबल एका अंगाला झुकलेलं, तरी तुमची भोकं ओळंब्यात जायची. जुन्या बेअरिंगची रिंग घासून तुम्ही तिचं बुश केलं होतं, ते जाड पट्टीत ठोकून जिग बनवलं होतं आणि टेबलावर बोल्टने आवळलं होतं. ड्रिल त्या बुशातूनच खाली उतरायचं, इकडेतिकडे पळायला जागाच नाही. "मशीनला काय कळतंय? मी सांगेन तिथेच भोक पडणार!" असं म्हणायचात आणि मी हसले की खोटं खोटं रागवायचात.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी ऑफिसातून रजा घेऊन शेड साफ करायला आले होते. तुम्ही झेंडू आणायला खंडेराव मार्केटला गेला होता. काकांनी पुसायला म्हणून जिगचे बोल्ट सैल केले, तर खालून डाव्या बाजूला ग्रीसने माखलेला पोस्टकार्डाचा तुकडा डोकावत होता. काकांची पाठ होती तेव्हा ओढला. अक्षर माझंच. नऊ वर्षांची असताना सुट्टीत सांगलीला मामाकडे होते, तिथून तुम्हाला लिहिलेलं कार्ड. नीट कापलेलं, आणि त्या तुकड्यावर नेमकं "मला न्यायला या" एवढंच उरलेलं. तुम्ही तेव्हा आला नव्हता, बाबा. काम आहे, असा निरोप पाठवला होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! हाच उपयोग केला का माझ्या पत्राचा? तुकडा पर्समध्ये कोंबला. काकांनी बोल्ट आवळले. तुम्ही येऊन मशीनला हार घातला, मला पेढा दिला, मी तो घेतलाही नाही.

दसरा झाल्यावर, आपल्याला काम देणाऱ्या मोठ्या कंपनीचा नमुन्याचा लॉट होता. पूर्वी थोडं इकडेतिकडे चालायचं. आता त्यांचा परदेशी करार झालेला, इन्स्पेक्शनवाला भोकाभोकात पिन घालून बघायचा. पिन उतरेना. "शेठ, काणुं वांकुं जाय छे," भोक वाकडं जातंय, असं काका हळूच म्हणतात, आणि तुम्ही ड्रिलला पुन्हा धार लावता, पट्टा बदलता, स्पिंडल उघडता. जिगवर तुमचा संशय जातच नाही. ते तुम्ही स्वतः बसवलेलं, इतकी वर्षं हाललेलं नाही; खाली काय सारलंय हे तुम्हीच विसरून गेला होतात.

चौथ्या दिवशी बसमध्ये सुटे पैसे शोधताना तो तुकडा हाताला लागला. पहिल्यांदाच उलटा केला. मागे तुमच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, "डावी बाजू. काढू नये." टेबलाचा झोक तुम्ही त्या तुकड्यानेच सावरला होता. तशीच शेडवर धावत आले. दारात नापास झालेला माल उतरवलेला होता, कंपनीचा माणूस निघून गेला होता. तुम्ही स्टुलावर बसून दोन्ही तळवे काकांना दाखवत होता. "हात गेला माझा. चालो, पत्युं. संपलं." मला बघून म्हणालात, "तू कशी गं आलीस? चहा घेणार?" आणि मी म्हटलं, घेते.

बाबा, तेव्हाच सांगायचं होतं. चहा प्याले, कप विसळून ठेवला आणि घरी आले. ते काम कॉम्प्युटरवर चालणारी मशीन असलेल्या दुसऱ्या शेडकडे गेलं. ते कदाचित आज ना उद्या गेलंच असतं, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. पण तुम्ही त्यानंतर ड्रिलच्या हँडलला हात लावला नाहीत. घरात खिळा ठोकायचा झाला तरी शेजाऱ्यांना हाक मारायचात, आणि मी हातोडी शोधून द्यायचे. शेवटी दवाखान्यात तुम्ही माझा हात धरलात आणि ओशाळून म्हणालात, "कापतोय ना माझा हात?" मी हो म्हणून मान हलवली. कापत नव्हता, बाबा. जरासुद्धा कापत नव्हता.

हा तुम्हाला लिहिलेला कागद सेंटर पंचाखाली ठेवते, आणखी कुठे पाठवणार? तुम्ही गेल्यावर काकांनी एकदा विचारलं, तेव्हा भोकं वाकडी का गेली असतील, तेव्हाही मी साफसफाईत काहीतरी गेलं असेल असं म्हटलं. ते खोटं होतं. कार्ड मी रागाने काढलं होतं.